आपोआप लागलेलं चित्र

आमच्या घरात हात उचलायला कुणी कुणाला शिकवलं नाही, ते आपसूकच आलं. वडिलांचं किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज कधी चढायचा नाही. वाण्याची माणसं म्हणजे गरीब गाय, असं गावाचं मत होतं. त्याच घरात दादा आणि मी एकमेकांना बदडत मोठे झालो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी थोर, पण मी त्याची भीड कधी ठेवली नाही. मी सात वर्षांची असताना त्याच्या मनगटाला अशी चावले होते की दातांच्या खुणा कायमच्या राहिल्या. त्याने मला ओट्यावरून ढकललं होतं, त्या टाक्यांचा व्रण माझ्या भुवईवर आहे. आई-वडील गेल्यावर घरात दादा, वहिनी आणि मी असे तिघंच उरलो, आणि भांडणात मध्ये पडायला फक्त वहिनी राहिली. ती मध्ये पडायची नाही. ती पोळपाट-लाटणं उचलून आत ठेवायची.

दादाने दुकानात बसायचं सोडून गावात पहिली डिशची छत्री लावली आणि घराघरांत केबल नेली. चकलांब्याच्या पलीकडचं आमचं गाव, तोवर तिथे दूरदर्शनसुद्धा पावसासारखं दिसायचं. बाजारातल्या एका गाळ्याच्या छतावर त्याने पत्र्याची खोली बांधली, तिला सगळे कंट्रोल म्हणायचे. बाहेरची चॅनेलं होतीच, पण लोकांचा जीव दादाच्या स्वतःच्या चॅनेलवर होता. त्याच्यावर तो पिक्चर लावायचा. आधी कॅसेटवर, मग सीडीवर.

लोडशेडिंग असायचं. दुपारी दोनला लाईट जायची ती सहाला यायची. सहाच्या आधी दादा लोखंडी शिडी चढून कंट्रोलमध्ये जाऊन बसायचा, कारण लाईट आली तरी सीडीचं यंत्र आपलं आपण चालू होत नव्हतं. कुणीतरी बटण दाबावं लागायचं. लाईट आल्यावर गावातले टीव्ही आधी निळे व्हायचे, आणि मिनिटभराने चित्र आलं की पारावरची माणसं म्हणायची, "आला गडी, बसला." दादाला या वाक्याचा भारी अभिमान होता. आपण बसल्याशिवाय गावात चित्र नाही, ही त्याची मिजास होती. घरी वहिनीसुद्धा चित्र आलं की निवांत तवा ठेवायची. तिच्या लेखी चित्र म्हणजे नवऱ्याची खुशाली होती.

मग दुसरा केबलवाला आला. तो तालुक्याहून आला, सोबत चार पोरं आणि एक जीप घेऊन. आमच्याकडे दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊस तोडायला जातं, घरांना कुलपं लागतात, टीव्ही गोधडीत गुंडाळून भावकीत ठेवलेले असतात. गुढीपाडव्याच्या पुढंमागं ही माणसं परतली की जो आधी वायर जोडेल त्याचं ते घर वर्षभरासाठी. त्यामुळे ते दोन आठवडे आमच्याकडे मारामारीचा हंगाम असायचा. वायरी कापल्या जायच्या, टायरी फुटायच्या, कुणाचं तरी नाक फुटायचं.

त्या वर्षी या दुसऱ्या केबलवाल्याचा लाईनमन खालच्या वस्तीत खांबावर चढला होता. दादाने जाऊन शिडी हलवली. नुसती धमकावायला हलवली असं तो नंतर म्हणाला, पण मी तिथे होते आणि मला माहीत आहे की त्याने ती ओढली. माणूस दोन्ही हातांवर पडला आणि त्याची दोन्ही मनगटं मोडली. तो ओरडला नाही, मातीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मी हसले होते. हे लिहायचं नसतं तर बरं झालं असतं, पण हसले होते.

दोन दिवसांनी दुसऱ्याचा एक पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. दादा घरी नव्हता. वहिनी तांदूळ निवडत होती. तो शांतपणे म्हणाला, "वैनी, दादाला सांगा. कंट्रोलमधी जो बसलेला सापडंल त्येला बसल्या जागी झोपवणार हाय आमी."

वहिनीने निरोप जसाच्या तसा सांगितला. दादा जेवत होता. "येऊ दे की बे," म्हणाला, जणू समोर तो पोरगाच होता, आणि आणखी भाजी मागितली.

मला मात्र झोप येईना. मला दादा त्या खोलीतून बाहेर काढायचा होता. त्याला सांगून तो ऐकणारा नव्हता; खोली म्हणजे त्याची गादी होती. पण खोलीत माणूस लागतो तो फक्त बटण दाबायला, हे मला ठाऊक होतं. बटण दाबायचं कामच संपलं तर माणूस कशाला बसेल?

मी अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकून नुकतीच परत आले होते आणि घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या. दादाने त्याच महिन्यात औरंगाबादहून एक काळा डबा आणला होता. मीडिया प्लेयर. विटेपेक्षा लहान, आत हार्डडिस्क, तीत शंभरावर पिक्चर. सीड्या बदलायची कटकट गेली म्हणून तो खूष होता. पण त्या डब्याची एक खोड होती. लाईट गेली की तो मरायचा आणि लाईट आली की आपल्या रंगीबेरंगी यादीवर येऊन थांबायचा. रिमोटने पिक्चर निवडल्याशिवाय पुढे सरकायचा नाही, आणि निवडला की लागायचा तो पहिल्यापासून. म्हणजे दादाची शिडी काही सुटली नव्हती.

अंबाजोगाईच्या एका कॅफेत बसून मी या डब्याबद्दल शोधलं. कळलं असं की तो डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच आहे. कंपनीने त्यात भरलेली सिस्टीम बाजूला ठेवून, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी हौसेने बनवलेली दुसरी सिस्टीम त्यात पेनड्राईव्हवरून चालू करता येते. घर तेच, बिऱ्हाड दुसरं. ही नवी सिस्टीम माझं ऐकणार होती, कंपनीची ऐकत नव्हती. गुणपत्रिका आणायची आहे असं घरी सांगून मी तीनदा एसटीने अंबाजोगाईला गेले. दोनदा ती सिस्टीम उतरवून घेताना निम्म्यातच इंटरनेट तुटलं. कॅफेवाला म्हणाला, "काहून जीव काढताय ताई, सीडी लावा अन् पिक्चर बघा." मी त्याला असं काही बोलले की तिसऱ्यांदा त्याने निमूट कोपऱ्यातलं यंत्र दिलं.

ते जे काय करायचं ते मी सकाळी कंट्रोलमध्ये करायची, दादा लाईनवर गेला की. डब्याच्या बुडाला एक बारीक भोक होतं. पेनड्राईव्ह खोचायचा, त्या भोकात पिन घालून आतलं बटण दाबून धरायचं, तसंच धरून वीज चालू करायची, आणि दिवा दोनदा लुकलुकला की सोडायचं. मी साडीची पिन वापरली. पहिल्या दिवशी काळा पडदा. दुसऱ्या दिवशीही काळा पडदा, आणि आता डब्याची जुनी सिस्टीमही लागेना. वीस मिनिटं मला वाटत होतं की मी दादाचा डबा मारला. मी चप्पल काढून त्याला दोन हाणल्या. मग लक्षात आलं की पेनड्राईव्ह चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केला होता; तो काढल्यावर जुनी सिस्टीम लागली. तिसऱ्या सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धडाधड खाली उतरू लागली.

मग माझ्या मनातलं काम. दर दहा सेकंदांनी पिक्चर कुठवर आलाय ते पेनड्राईव्हवर लिहून ठेवायचं आणि वीज आली की काही न विचारता तिथूनच पुढे चालू करायचं. प्रोग्रामच्या दहा-पंधरा ओळी होत्या, पण त्यांनी दोन दिवस खाल्ले. शेवटी मी चालू पिक्चरमध्ये प्लग उपटला, परत लावला, दीड मिनिट थांबले. हिरॉईनने अर्धवट सोडलेलं वाक्य पुरं केलं. मी त्या पत्र्याच्या भट्टीत एकटीच मोठ्यानं हसले.

दादा बाराच्या सुमाराला शिडी चढून आला. मी त्याला प्लग काढून-लावून दाखवलं. त्याने बघितलं. त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं, तो काळवंडला.

"मला न इचारता उघडलास का डबा?"

"उघडला न्हाई. नुस्तं आतलं बदललं. आता लाईट आली की आपलं आपण लागतंय."

"अन् मी काय करायचं?"

इथे मी सांगायला हवं होतं की दादा, ते लोक तुला मारणार आहेत, तू इथे बसू नकोस, मला भीती वाटते. तेवढ्यासाठीच तर मी एसटीचे धक्के खाल्ले होते. पण त्याचा सूर ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुजी काय गरज न्हाई आता हितं. घरी जाऊन झोप."

त्याने कानाखाली वाजवली. अशी की डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. टेबलावर पक्कड होती, ती मी फेकून मारली. ती त्याच्या कपाळाच्या कडेला लागली आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. त्याने माझा दंड धरून मला दाराशी ढकललं. "उपटून फेकतो ती तुजी काडी," म्हणाला, "माज्या कंट्रोलमधी मी बसल्याबिगर चित्र लागायचं न्हाई."

"फेक," मी म्हणाले आणि उतरले. तो धडधाकट असताना त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते हे.

घरी येऊन मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. वहिनी बाहेर टीव्ही बघत होती, दादाच्या चॅनेलवर लागलेला दक्षिणेकडचा कुठलातरी डब केलेला मारामारीचा पिक्चर. दोनला लाईट गेली. दादा जेवायला आला नाही. वहिनी म्हणाली, "रुसून बसले आसतील वरी." मी म्हणाले, बसू दे.

सहाला लाईट आली. टीव्ही निळा झाला, आणि थोड्या वेळाने चित्र आलं. आतून मला नुसते ठोसे आणि आरडाओरडा ऐकू येत होता. वहिनी म्हणाली, "आलं बगा. हायेत वरीच." आणि तिने तवा ठेवला.

मी काय विचार केला ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी विचार केला, म्हणजे फेकला याने माझा पेनड्राईव्ह. बसलाय रिमोट घेऊन, मला दाखवायला. मला इतका संताप आला की मी उशीवर बुक्की मारली. डबा माझ्या हाताने बसवलेला, त्याच्या ओळी मी लिहिलेल्या, सगळ्या गावात मी एकटी अशी होते जिला माहीत होतं की चित्राला आता माणूस लागत नाही. आणि मीसुद्धा गावासारखंच समजले की चित्र आहे म्हणजे दादा आहे. घरात फोन होता, दादाच्या खिशात मोबाईल होता. कुणी लावला नाही. मी चिडले होते म्हणून, आणि वहिनी निर्धास्त होती म्हणून.

साडेसात झाले असतील. वहिनी मला जेवायला उठवायला आली. माझी समजूत काढायची म्हणून काहीतरी गमतीचं बोलावं तसं ती बोलली. "आज मजाच झाली. दोनला त्या हिरोनं मारायला हात उचलला अन् लाईट गेली. सहाला चित्र आलं तर हात तितंच. मंग बसली चपराक त्या गुंडाच्या तोंडावर."

मी उठून बसले. "पयल्यापासून न्हाई लागला?"

"न्हाई की. तितूनच."

दादाच्या हाताने पिक्चर पहिल्यापासून लागायचा. तिथूनच लावणारा फक्त माझा पेनड्राईव्ह होता. म्हणजे त्याने तो काढला नव्हता. म्हणजे चित्र डब्याने लावलं होतं, आणि दादाने लावलं नव्हतं. मी चपला न घालता पळाले.

शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर रक्ताळलेल्या बुटांचे ठसे होते. दार नुसतं लोटलेलं. स्टूल आणि भिंत यांच्या मध्ये दादा कुशीवर पडला होता. त्यांनी गज वापरला होता. उजवा हात कोपराच्या खाली नको तिथे वळलेला होता, दोन्ही गुडघे फोडलेले, आणि डोक्याच्या डाव्या बाजूला केसांत हात घातला तर हाताला हाड लागेना, मऊ लागलं. यंत्रांना त्यांनी बोटही लावलं नव्हतं. लाईन त्यांना हवी होती, माणूस नको होता. समोर छोट्या टीव्हीवर पिक्चर चालूच होता, कुणीतरी कुणालातरी बडवत होतं, आणि रक्त जमिनीवर सुकून त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. दादाचा श्वास चालत होता, घोरल्यासारखा. मी त्याला हाक मारली तर एक डोळा किंचित हलला.

तेव्हाच मला डबा दिसला. पेनड्राईव्ह जागेवर होता. नुसता जागेवर नव्हता. तो सैल पडू नये म्हणून दादाने त्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून डब्याला पक्का चिकटवला होता, दोन वेढे, कडा नीट दाबून. मी उतरून गेल्यावर, कपाळाचं रक्त पुसून, त्याने हे केलं होतं.

खालच्या दुकानदाराने सांगितलं, पाचच्या सुमाराला वर धपाधप आवाज आला, त्याला वाटलं पत्रे ठोकतायत. सहाला त्याच्या टीव्हीवर चित्र आलं म्हणून त्याने वर बघितलंही नाही. त्याला काय बोलणार? गावातल्या एकाच्या जीपमध्ये घालून बीडला नेलं, बीडहून अंबाजोगाईला. तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, किती वाजता लागलं? मी म्हणाले, पाच. तिने माझ्याकडे, मग घड्याळाकडे बघितलं आणि लिहून घेतलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी कपडे न्यायला मी गावात आले. पर्समध्ये ती पक्कड होती. दुसऱ्याच्या माणसांपैकी जो दिसेल त्याचं तोंड फोडायचं, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवून आले होते. स्टँडवरच्या हॉटेलात तो लाईनमन दिसला. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याची बायको बशीत चहा ओतून त्याला पाजत होती. मला बघून तो उठला, चहा त्याच्या शर्टावर सांडला. "ताई, म्या नव्हतो," म्हणाला. "मला तर बशीबी धरता येत न्हाई." बायकोने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि माझ्याकडे बघितलं. मी मघाशी ठरवलेलं काहीच करू शकले नाही. मी म्हणाले, "माहीत हाय," आणि घरी जाऊन कपडे भरले.

वहिनीला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं सांगितलं. डब्याचं, पेनड्राईव्हचं, सहाला मी काय समजले ते. ती मला मारेल अशी मी वाट बघत होते, खरं म्हणजे तशी आशा करत होते. "मला न्हाई कळलं ते ठीक हाय," ती म्हणाली. "तुला कळायला पायजे व्हतं." नंतर इतक्या वर्षांत तिने तो विषय काढला नाही. माझ्याशी नीट वागली, लग्नात माझी पाठवणी करताना रडलीसुद्धा.

केस झाली, तारखा पडत राहिल्या, लाईन त्या दुसऱ्या केबलवाल्याकडे गेली. दादा जगला. उजवी बाजू गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि वाचा बरेच महिने आलीच नाही. त्याला काय आठवतं, काय नाही, ते कुणाला कळत नव्हतं. ज्या माणसाने मला आयुष्यभर बदडलं त्याला मी पाळण्यातल्या लेकरासारखी पेज भरवायची, आणि तो डाव्या हाताने माझ्या मनगटाला धरून ठेवायचा. त्या धरण्यात जोर नसायचा. मला त्याचा जुना हात हवा होता.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी त्याची दाढी करत होते. वहिनी शेजारी गेली होती. त्याने मला थांबवलं आणि एकेक शब्द ओढून काढत बोलला.

"त्या दिशी... लाईट आल्यावर... चित्र लागलं का?"

माझ्या हातात वस्तरा होता. मी तो वाटीत ठेवला. "लागलं," मी म्हणाले. "सहाला."

"पयल्यापासून?"

"न्हाई. जितं थांबलंतं तितूनच."

तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण फेसाखालून मला ते दिसलं. जखमी झाल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, आणि त्याला माझं कौतुक वाटत होतं.

"मंग गावात," तो म्हणाला, "कुणाला कळलंबी नसंल."

"न्हाई दादा," मी म्हणाले. "कुणालाच कळलं न्हाई."